तिसऱ्या कुठल्या खाडीच्या?

दोडामार्ग तालुक्याला वीतभरही समुद्रकिनारा नाही. तरी पावसाळा सरला की बांद्याच्या बाजारातून, सावंतवाडीतून किंवा शुक्रवारी म्हापशाला गेलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून तिसऱ्या इथवर पोचतात आणि घरात एकशिपी शिजते. वाटा घेताना आपण शिंपल्या घट्ट मिटलेल्या आहेत ना ते बघतो, वाळू कितपत आहे ते विचारतो, वर चार जास्तीच्या टाकून घेतो. एक प्रश्न मात्र राहून जातो: "काकी, ह्यो तिसऱ्यो खंयच्यो?"

बांगड्याच्या बाबतीत हा प्रश्न फार तर चवीचा. शिंपल्यांच्या बाबतीत तो आरोग्याचा आहे. बांगडा आज इथे तर उद्या तिथे असतो. तिसरी, मुळा, खुबा, कालव, शिणाणा हे जीव मात्र जन्मभर एकाच खाडीच्या वाळूत, चिखलात नाहीतर खडकाला धरून राहतात. गेल्या काही आठवड्यांत त्या खाडीच्या पाण्यात जे होतं, ते त्यांच्या मांसात उतरलेलं असतं. तेरेखोलच्या पाण्यात काही बिघडलं, तर तो बिघाड शापोऱ्याच्या किंवा मोचेमाडच्या तिसऱ्यांत असेलच असं नाही. खाडीचं नाव माहीत असेल तर धोका असलेल्या जागेपुरती काळजी घेता येते. नाव नसेल तर सगळ्याच खायच्या किंवा सगळ्याच सोडायच्या, एवढे दोनच पर्याय उरतात.

विष येतं कुठून

शिंपल्याला स्वतःचं विष नसतं. तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांतून गाळतो, त्यातलं सूक्ष्म शैवाल पोटात ठेवतो आणि पाणी सोडून देतो. मोठं कालव तासाला काही लिटर पाणी असं गाळून काढतं. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाच्या हजारो जाती निरुपद्रवी आहेत. माशांपासून कालवांपर्यंत सगळ्यांचं पोट शेवटी त्यांच्यावरच भरतं. त्यातल्या मोजक्या जाती विष तयार करतात. अलेक्झांड्रियम आणि जिम्नोडिनियम कॅटेनाटम या जातींतून सॅक्सिटॉक्सिन येतं. ते मज्जातंतूंचा संदेश थांबवतं, ओठ-जीभ बधिर होतात आणि जास्त मात्रा गेली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. डायनोफायसिस जातींचं विष जुलाब-उलट्या घडवतं. स्यूडो-निट्झशिया जातींच्या डोमोइक आम्लाने स्मरणशक्ती जाऊ शकते. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या शिणाण्यांमुळे १९८७ साली शंभरावर लोक आजारी पडले, तेव्हा हे पहिल्यांदा उघड झालं. शिंपल्याला स्वतःला यातलं फारसं काही बाधत नाही. तो जिवंत, घट्ट मिटलेला, अगदी ताजा असतो. आपण बाजारात ताजेपणाच्या ज्या खुणा बघतो त्या सगळ्या खऱ्या ठरूनही मांसात विष असू शकतं.

स्वयंपाकघराने हे विष जात नाही, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. सॅक्सिटॉक्सिन उकळून मरत नाही, कारण ते जंतू नव्हे, रसायन आहे. आमसुलाच्या आंबटपणानेही ते मोडत नाही. उलट आम्लात ते जास्त टिकतं. तिरफळं, लसूण, हळद यांचा त्याच्यावर काही परिणाम नाही. फ्रीजमध्ये ठेवूनही ते जात नाही. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे शिजताना शिंपल्यांना सुटलेलं पाणी, जे आपण चवीसाठी मुद्दाम रश्श्यात घेतो, त्यातही ते उतरतं. वाळू सुटावी म्हणून तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवण्याची पद्धत वाळूपुरती उत्तम आहे. विष त्याने सुटत नाही. इथे एक गोष्ट नीट वेगळी ठेवली पाहिजे. घाण पाण्यातल्या जंतूंमुळे होणारा त्रास नीट शिजवल्याने टळतो, त्यामुळे शिंपल्या अर्धकच्च्या खाऊ नयेत हा नियम कायम आहे. फक्त त्या नियमाने शैवालाच्या विषापासून संरक्षण मिळत नाही.

दुसरा गैरसमज रंगाचा. 'रेड टाइड' हे नाव इतकं रुळलंय की पाणी लाल झालं म्हणजे विष आणि पाणी स्वच्छ म्हणजे निर्धास्त, असं वाटतं. दोन्ही चुकीचं. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात आणि पर्यटक व्हिडिओ काढत बसतात, ती बहुधा नॉक्टिल्युका ही सूक्ष्मजीवांची जात. शिंपल्यांत साठणारं विष ती तयार करत नाही. ती दाट झाली की अमोनिया वाढतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात, तो त्रास निराळा. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत समुद्रावर तपकिरी-पिवळट भुशाचा तवंग येतो, ते ट्रायकोडेस्मियम. तेही सहसा विषारी जातींच्या यादीत नाही. उलट अलेक्झांड्रियमच्या पेशी लिटरमागे काही शे ते काही हजार असल्या तरी शिंपल्यात विष साठू लागतं, आणि एवढ्या पेशींनी पाण्याचा रंग बदलत नाही. नितळ पाण्यातल्या तिसऱ्या विषारी आणि रंगीत पाण्यातल्या निर्धोक, असंही होऊ शकतं. डोळ्यांनी बघून निकाल देता येत नाही. म्हणून नोंद ठेवायची आणि तपासणी करायची.

आपल्या देशात हे झालेलं आहे. १९८१ साली तमिळनाडूत कल्पाक्कमजवळच्या वायलूरला शिंपल्या खाऊन ८५ जण रुग्णालयात गेले आणि तिघांचा जीव गेला. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळेच्या खाडीतल्या शिंपल्यांनी विषबाधा झाली. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी तिचा अभ्यास करून ठेवला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिणाणे खाल्ल्याने सात जण दगावले आणि पाचशेवर लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. कुंबळे आणि विळिंजम दोन्ही आपल्याच अरबी समुद्राच्या काठी. महिने बघितले तर कुंबळेची घटना एप्रिलमधली आणि विळिंजमची पाऊस ओसरतानाची. म्हणजे 'अमुक महिन्यात खावं, अमुक महिन्यात खाऊ नये' असला साधा नियम इथे चालत नाही.

खाल्ल्यावर ओठ बधिर झाले तर

लक्षणं साधारण अर्ध्या ते दोन तासांत सुरू होतात, कधी त्याच्याही आधी. ओठांभोवती आणि जिभेला मुंग्या, मग बोटांच्या टोकांना. डोकं हलकं वाटतं, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं. मळमळ असेलच असं नाही. ताप सहसा नसतो. अंगावर गांधी उठून खाज येत असेल तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, आणि तीही जीवघेणी ठरू शकते. पण ओठ बधिर होऊन हातपाय जड होणं ही या विषाची खास खूण.

यावर उतारा नाही. उपचार आहे, तो म्हणजे श्वास चालू ठेवणं. पहिल्या दिवसात रुग्णाला वेळेवर व्हेंटिलेटर मिळाला तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, कारण शरीर हे विष लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यामुळे 'झोप काढली की बरं वाटेल' म्हणून माणसाला आत नेऊन निजवणं सर्वांत घातक. लिंबू-मीठ, ताक, तूप असलं काही पाजत बसू नये. घसा बधिर झालेल्या माणसाला ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोट घालून उलटी काढू नये. १०८ ला फोन करावा. दोडामार्गाहून गंभीर रुग्ण एरवीही म्हापशाला किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे नेले जातात, ती वाट इथे योग्यच आहे. फक्त निघताना आधी फोन करून व्हेंटिलेटर लागू शकतो हे सांगावं. डॉक्टरांना एक वाक्य आठवणीने सांगावं: "दोन तासांपूर्वी शिंपल्या खाल्ल्या, त्यानंतर ओठ बधिर झाले." कोकणात सापाचं विष आणि कीटकनाशकाची बाधा डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यात असते, हे विष क्वचित येतं, त्यामुळे शिंपल्यांचा उल्लेख झाला नाही तर निदान भलतीकडे जाऊ शकतं.

त्याच ताटातून जेवलेल्या बाकीच्यांना त्रास नसला तरी त्यांच्यावर लक्ष ठेवावं. मुलांवर आधी, कारण त्यांच्या वजनाला थोडी मात्राही पुष्कळ होते; मोठ्या माणसालाही एक ते चार मिलिग्रॅम सॅक्सिटॉक्सिन जीवघेणं ठरू शकतं. उरलेला रस्सा आणि कच्च्या शिंपल्या फेकू नयेत. डब्यात घालून, वर तारीख आणि बाजाराचं नाव लिहून, कोणी चुकून खाणार नाही अशा बेताने फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. पुढची सगळी तपासणी त्या डब्यावर चालते. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, मालवणला मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहाय्यक आयुक्तांचं. एकाच दिवशी दोन घरांतून अशी तक्रार आली तर प्राथमिक आरोग्य केंद्राने ती ताबडतोब वर कळवायला हवी. खाडी एकच निघाली तर त्याच संध्याकाळी तिथली विक्री थांबवता येते.

नोंदवही कोणी आणि कशी ठेवायची

सरकारी मर्यादा आहे: शंभर ग्रॅम मांसात सॅक्सिटॉक्सिन ८० मायक्रोग्रॅमच्या आत असलं पाहिजे. जगभर मानल्या जाणाऱ्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा आकडाही तोच. परदेशी जाणाऱ्या मालाची त्यानुसार तपासणी होते, कारण समोरचा देश ती मागतो. बाजारात फळीवर मांडलेल्या वाट्यावर मात्र 'तपासलं' अशी चिठ्ठी कधी लागलेली दिसत नाही. निर्यातीच्या डब्याला पहारा आणि घरच्या ताटाला नशीब, हा भेद फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही.

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर सिटका नावाचं गाव आहे. त्याच्या उत्तरेला पेरिल ('संकट') सामुद्रधुनी. १७९९ साली रशियन व्यापाऱ्यांबरोबर शिकारीला आलेले शंभराहून जास्त अल्यूत आदिवासी तिथे शिणाणे खाऊन मेले आणि त्या मरणांवरून त्या पाण्याला ते नाव पडलं. दोनशे वर्षांनंतरही तिथे सरकारी तपासणी विक्रीच्या शिंपल्यांचीच होत होती. आदिवासी कुटुंबं ओहोटीला स्वतःसाठी जे गोळा करतात, त्याची नाही. शेवटी सिटका जमातीने स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि किनाऱ्यावरच्या इतर जमातींना जोडून एक जाळं उभं केलं. प्रत्येक गावातला माणूस ठरलेल्या जागी जाऊन पाण्याचा नमुना काढतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि शिंपल्यांचं मांस सिटकाला पाठवतो. निकाल आला की त्या किनाऱ्याचं नाव घेऊन इशारा दिला जातो. हे जाळं यंत्रांपेक्षा नमुना घेणाऱ्यांच्या सातत्यावर चालतं, असं मला वाटतं. तेरेखोल ते देवगड या पट्ट्यात सुरुवात करायची तर तीही तिथूनच, म्हणजे ठरलेल्या जागी ठरलेल्या दिवशी जाणाऱ्या माणसापासून व्हावी.

आपल्याकडे तो माणूस बहुधा बाई असेल. सुकतीला गुडघाभर पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपणाऱ्या बायकांना आपल्या खाडीचा जेवढा अंदाज असतो तेवढा कुठल्या अधिकाऱ्याला असणार? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) सिंधुदुर्ग प्रकल्पाच्या काळात इथल्या महिला बचत गटांनी कालवं आणि शिणाण्यांची शेती करून बघितली, वेंगुर्ल्याच्या स्वामिनी गटाने मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. खाडीशी असा नित्याचा संबंध असलेला गट गावात असेल तर वही त्याच्याकडे द्यावी, आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. फुकटच्या कामात सातत्य टिकत नाही.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, भरती की सुकती, उधाण की भांग. जागा नेहमी तीच: साकव, जेटी, ठरलेला खडक. पाण्याचा रंग, वास, फेस. मागच्या तीन दिवसांतला पाऊस. मेलेले मासे, तोंड उघडून पडलेल्या शिंपल्या, किनाऱ्यावर उभं राहिल्यावर डोळे चुरचुरणं किंवा खोकला येणं. हे सगळं पेन्सिलीने होतं. त्यापुढे थर्मामीटर, क्षारता मोजायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी घ्यावी. तबकडी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरून खोली वाचायची. पाणी गढूळ किती आणि शैवालाने दाट किती हे एका आकड्यावरून कळत नाही, पण दर आठवड्याचा आकडा लिहिला की एखाद दिवशी तो एकदम पडलेला लगेच दिसतो.

साध्या दिवसांच्या नोंदी कंटाळवाण्या असतात आणि नेमक्या त्याच सर्वांत उपयोगाच्या. आपल्या खाडीचं पाणी आश्विनात कसं असतं, शिमग्याच्या सुमारास कसं असतं, हे लिहिलेलं नसेल तर आज दिसतंय ते वेगळं आहे हे ठरवायचं कशावरून? पाणी लाल झालं त्या एकाच दिवशी फोटो काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आदल्या आठवड्याचा फोटो कुणाकडेच नसतो.

शैवाल बघायला वीस मायक्रॉन छिद्रांची प्लवकजाळी लागते. होडीतून किंवा जेटीवरून ती तीन-चार मिनिटं हळू ओढायची, किंवा मोजून बादल्या तिच्यातून ओतायच्या. किती बादल्या ते लिहायचंच, नाहीतर पुढची मोजणी निरर्थक होते. तळाशी जमलेल्या पाण्याची एक बाटली सावलीत, गार जागी ठेवून त्याच दिवशी बघायची. जिवंत पेशींची पोहण्याची ढब ओळखायला मदत करते. दुसऱ्या बाटलीत लुगॉल आयोडिनचे थेंब टाकून पाणी फिकट तांबूस करायचं, म्हणजे पेशी टिकतात आणि नमुना लांब पाठवता येतो. अलेक्झांड्रियमची पेशी साधारण पंचवीस ते चाळीस मायक्रॉनची, त्यामुळे शाळा-महाविद्यालयातला शंभर ते चारशे पटींचा सूक्ष्मदर्शक पुरतो. शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठं दाखवतो. जात पक्की ठरवायला तो अपुरा आहे, पण 'आज साखळीत जोडलेल्या पेशी खूप दिसतायत' एवढं नववीतलं मूलही त्याने सांगू शकेल. जिम्नोडिनियम कॅटेनाटम अशा साखळ्या करतं, म्हणून साखळी दिसली की तो नमुना पुढे पाठवायचा. सावंतवाडीचं पंचम खेमराज महाविद्यालय, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही जवळची ठिकाणं. त्यांच्याशी आधी बोलून, नमुना कोणाकडे आणि कसा पाठवायचा हे ठरवून मगच जाळी विकत घ्यावी. तयार नमुना घेऊन दारात उभं राहिलं की तो फ्रीजच्या कोपऱ्यात पडून राहतो.

पाऊस ओसरू लागल्यापासून दिवाळीपर्यंत आणि नंतर मार्च ते मे दर आठवड्याला नोंद घ्यावी, एरवी पंधरा दिवसांनी. ऐन पावसात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि समुद्रातलं शैवाल मागे हटतं. पाऊस कमी झाला की खारं पाणी पुन्हा आत सरकतं, तळातून वर आलेली पोषकद्रव्यं आणि नदीने आणलेला गाळ दोन्ही तिथे असतात, वर ऊन पडतं. पश्चिम किनाऱ्यावरचे शैवालाचे फुलोरे बरेचसे या काळातले आणि पावसाळ्यापूर्वीचे आहेत.

पाण्यात संशयास्पद जात दिसली म्हणजे शिंपल्या विषारी झाल्याच असं नव्हे. निकाल मांसाच्या चाचणीचा. त्याच जागच्या, त्याच जातीच्या, डझनभर तरी शिंपल्या सोलून शे-दीडशे ग्रॅम मांस गोठवून पाठवायचं. घरगुती कोविड चाचणीसारख्या पट्ट्याही या विषांसाठी मिळतात. त्या चाळणीपुरत्या चांगल्या, अंतिम शब्द प्रयोगशाळेचा. आणि फुलोरा विरला म्हणून दुसऱ्या दिवशी खाडी मोकळी करू नये. शिणाण्यांतून विष काही आठवड्यांत उतरतं, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची बटर क्लॅम नावाची शिंपली ते दोन-दोन वर्षं धरून ठेवते. जातीजातीत फरक आहे. जिथे पद्धतशीर देखरेख असते तिथे लागोपाठ दोन नमुने मर्यादेच्या आत आल्याशिवाय बंदी उठवत नाहीत. आपणही तेच करावं.

चिंबोऱ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. चिंबोरी शिंपल्या खाते, त्यामुळे विष तिच्या पोटातल्या पिवळ्या-हिरव्या गाभ्यात साठू शकतं. इशारा असेल तेव्हा तो गाभा खाऊ नये, ज्या पाण्यात ती उकडली ते पाणीही टाकून द्यावं. मासे आतडी काढून, धुऊन खाल्ले तर सहसा प्रश्न येत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावं. खात्री होण्याआधी 'खाडी विषारी' असा निरोप मोबाईलवर सोडू नये. संध्याकाळपर्यंत तो पणजी-कोल्हापूरला पोचतो आणि ज्या बायकांचा त्या दिवसाचा संसार चार वाट्यांवर चालतो, त्यांच्याकडे गिऱ्हाईक पंधरा दिवस फिरकत नाही. संशय असेल तर तो खाडीचं नाव घेऊन, गोळा करणाऱ्या बायकांना, पंचायतीला आणि मालवणच्या कार्यालयाला आधी सांगावा. नंतर निकाल चांगला आला तर तोही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगावा. हे दुसरं काम आपल्याकडे सहसा कोणी करत नाही. अशा एक-दोन फेऱ्या नीट पार पडल्या की बायका स्वतःहून माहिती देतात. एकदा त्यांचं नुकसान झालं तर पुढच्या वेळी रंग बदललेलं पाणी त्या कोणाला दाखवणार नाहीत.

उपग्रह आहेत, मग वही कशाला, असंही कोणी म्हणेल. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते, हे बहुतेकांना माहीत आहे. तीच संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून शैवालाच्या फुलोऱ्यांची माहितीही देते. खोल समुद्रासाठी ते काम मोलाचं आहे. पण त्या चित्रातला एक ठिपका काहीशे मीटरपासून किलोमीटरभराचा असतो. तेरेखोलची खाडी त्यात कितीशी मावणार? शिवाय ढगांतून रंग दिसत नाही, आणि आपल्याला पाण्यावर नजर ठेवायची असते ती नेमकी ढगांच्या दिवसांत.

वरच्या अंगाला

दोडामार्गकरांचा या सगळ्याशी दुसराही एक संबंध आहे, तो उलट दिशेचा. तिळारी नदी आपल्या तालुक्यातून गोव्यात शिरते, तिथे शापोरा होते आणि कोलवाळ, शिवोलीवरून मोरजीजवळ समुद्राला मिळते. शापोऱ्याच्या तिसऱ्या आणि कालवं ज्या पाण्यात वाढतात, त्या पाण्यात आपल्या केळी, अननस आणि रबराच्या बागांवरून धुतलेलं पाणी आहे, आपल्या वाड्यांचं सांडपाणीही आहे. खत पडलं की लगेच विषारी शैवाल येतं असं सरळ गणित नाही. कोणती जात वाढेल ते तापमान, क्षारता, प्रवाह अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पण नत्र आणि स्फुरदाची खैरात झाली की शैवालाचं एकूण पीक वाढतं, एवढं निश्चित. युरिया जोरदार पावसाच्या तोंडावर टाकला तर त्यातला बराच भाग झाडाला न मिळता व्हाळात जातो. हप्त्याहप्त्याने आणि पाऊस उघडीप देईल तेव्हा टाकावा, व्हाळाच्या काठाची झाडी राखावी, बागेची कड पार पाण्यापर्यंत नेऊ नये. हे खाडीसाठी केलं तरी पैसा शेतकऱ्याचाच वाचतो.

तिळारीच्या जलाशयाकडे निराळ्या कारणाने लक्ष हवं. गोड्या पाण्यात निळं-हिरवं शैवाल वाढतं. उन्हाळ्यात पाणी थांबलं, तापलं की वाऱ्याच्या कडेला हिरव्या रंगाचा दाट थर जमतो. मायक्रोसिस्टिससारख्या जातींचं विष यकृतावर जातं आणि तेही उकळून जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची तात्पुरती मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. जगभर त्याचा पहिला फटका बसतो तो गुरांना आणि कुत्र्यांना, कारण ती काठावरचंच पाणी पितात. काठाला असा थर दिसला तर गुरं त्या बाजूला सोडू नयेत, मुलांना तिथे पोहू देऊ नये, त्या पाण्याने भांडी घासू नयेत आणि त्या काठाचे मासे धरले तर आतडी काढून टाकावीत. काठी घालून थर ढवळू नये. लांबून फोटो काढावा, जागा आणि तारीख लिहावी, आणि जलसंपदा खात्याच्या तिळारी कार्यालयाला, ग्रामपंचायतीला व पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावं. या जलाशयाचं पाणी पुढे गोव्यात पिण्यासाठी जातं, त्यामुळे तिथल्या पाणीपुरवठा खात्यालाही निरोप जायला हवा.